माणूस सापडला पाहिजे

कोणी कुठून फिरून आलं की आपण विचारतो, "काय काय बघितलं?" आमच्या बाई विचारायच्या, "कोण भेटलं?"

समोरचा गोंधळायचा. काश्मीरला जाऊन आलेल्या एका जोडप्याने एकदा उत्तर दिलं, "ओळखीचं तसं कोणी नाही भेटलं." बाई म्हणाल्या, "ओळखीचे भेटायला लक्ष्मी रोड आहे की. तिकडे कोण भेटलं ते सांगा." मग नवऱ्याने मोबाइल काढून बर्फाचे फोटो दाखवायला सुरुवात केली. बाईंनी सात-आठ फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "हे बर्फ कोणी काढायचं रस्त्यावरून? तो माणूस कुठेय?"

बाई प्रवासवर्णन लिहायला शिकवत. पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर, दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा. आम्ही चौदा विद्यार्थी होतो. सर्वांत लहान विद्यार्थिनी सव्वीस वर्षांची, खराडीला नोकरी करणारी. सर्वांत मोठे काका एकोणऐंशीचे. बाईंनी स्वतः एकही पुस्तक लिहिलेलं नव्हतं. सहली नेणाऱ्या एका कंपनीत त्या एकतीस वर्षं सहलव्यवस्थापक होत्या. मी कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. ठरलेल्या मापापेक्षा वस्तू किती कमी-जास्त भरते हे सांगणं माझं काम. लिहिण्याशी माझा संबंध इतकाच, की प्रत्येक सहलीनंतर मी टाचण करतो आणि ते टाचण कुणीतरी वाचावं असं मला वाटतं. घरात कोणी वाचत नाही.

पहिल्या रविवारी मी हिमाचलच्या सहलीचं वर्णन घेऊन गेलो. अकरा पानं. घाटांची उंची, दोन गावांमधलं अंतर, पहाटेचं तापमान, प्रत्येक मुक्कामी पोचायला ठरल्यापेक्षा किती उशीर झाला, सगळं बिनचूक. बाईंनी अकराही पानं वाचली. मध्ये एकदा कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"एकटेच गेला होतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बायको, मुलगी आणि आणखी छत्तीस जण."

"मग ते सगळे कुठे उतरले?"

वर्ग हसला.

"बरं, ते जाऊ द्या. गाडी कोण चालवत होतं?"

"ड्रायव्हर."

"किती दिवस?"

"नऊ दिवस. एक हजार आठशे बेचाळीस किलोमीटर."

"तुम्ही कुठे बसला होतात?"

"त्याच्या बरोब्बर मागे. मला गाडी लागते."

"कसा होता तो?"

मी तोंड उघडलं. गाडीच्या काट्यावरचा सुरुवातीचा आकडा आठवला, शेवटचा आठवला. ड्रायव्हर आठवेना. नऊ दिवस माझा, माझ्या बायकोचा आणि मुलीचा जीव त्या माणसाच्या हातात होता, आणि त्याचा कानसुद्धा माझ्या डोळ्यांपुढे येईना. बाईंनी पानं माझ्याकडे सरकवली. "यात कापण्यासारखंही काही नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी या."

कात्रीचं सांगायला हवं. बाईंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या झाकणावर खडूने 'जप्त' असं लिहिलेलं. एखाद्याच्या वर्णनात 'साधीभोळी माणसं' आली, की बाई कात्रीने तेवढेच दोन शब्द कापून डब्यात टाकायच्या आणि भोक पडलेला कागद परत द्यायच्या. 'सुरकुत्यांचं जाळं', 'निरागस हसू', 'अगत्यशील' हे तर डब्यात मुठी-मुठीने होतं. कपड्यांचं वर्णनही जप्त. "कपडे संध्याकाळी दोरीवर जातात, माणूस जात नाही," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा त्या डब्यातल्या चिठ्ठ्या मोजायला मागितल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोजा. मोजून झाल्यावर एकाही चिठ्ठीवरून माणूस ओळखता आला तर मला सांगा." दोनशे अडुसष्ट निघाल्या. एकही ओळखता आला नाही.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा त्या ठेवत नसत. आम्हाला त्या आमच्या सवयींनी हाक मारायच्या. मी 'आकडेवाले'. खराडीची मुलगी 'अर्धं वाक्य', कारण ती सांगायला लागली की मध्येच "म्हणजे यू नो" म्हणून थांबायची. रस्त्याने चालताना बाई अचानक थांबत आणि नुकत्याच शेजारून गेलेल्या माणसाकडे वळून बघत. भर टिळक रोडवर, भर गर्दीत. मागून येणारे त्यांच्यावर आदळत. कोणी चिडून "अहो, रस्ता आहे हा!" म्हणालं, की त्या त्याच्याकडेही वळून बघत. "समोरून माणूस तयारीत असतो," त्यांनी मला सांगितलं होतं. "पाठीला तयारी करता येत नाही."

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांची एक बस राजस्थानात चहाला थांबली. बस सुटल्यावर तासाभराने कळलं, एक आजोबा मागे राहिले. चौकीवर हवालदाराने वर्णन विचारलं. चाळीस जणांनी मिळून सांगितलं: पांढरा शर्ट, चष्मा, वयस्कर. त्या बसमध्ये पांढरा शर्ट घातलेले, चष्मा लावलेले सहा वयस्कर गृहस्थ होते आणि त्यातले पाच तिथेच समोर उभे होते. हवालदार त्या पाचांकडे बघून म्हणाला, हे सापडलेत की. आजोबा पुढे तीन तासांनी दुसऱ्याच टपरीवर सुखरूप भेटले. "पण बारा दिवस आम्ही एका पंगतीला जेवत होतो," बाई म्हणाल्या, "आणि त्यांचं असं एक वाक्य कुणाला सांगता येईना, जे फक्त त्यांना लागू पडेल. मलाही नाही. मी तर रोज सकाळी त्यांना मोजत होते."

म्हणून त्यांच्या वर्गात परीक्षा एकच, आणि ती जगात आणखी कुठे घेत असतील असं मला वाटत नाही. आम्ही तिला 'शोध' म्हणायचो. एकाने ठरलेल्या ठिकाणी जायचं, एक माणूस निवडायचा आणि एका पानात त्याचं वर्णन करायचं. नाव नाही, कपडे नाहीत, बसण्याची जागा नाही. त्या माणसाला सगळं खरं सांगायचं, त्याची परवानगी घ्यायची आणि त्याच्याकडून खुणेचा एक शब्द घ्यायचा. तो शब्द बंद पाकिटात घालून बाईंकडे द्यायचा. मग दुसऱ्याने ते पान घेऊन तिथे जायचं. विचारायचं फक्त एकालाच. बरोबर माणूस असेल तर तो शब्द सांगेल. चुकला, तर शोध फसला. तो शोधणाऱ्याचा दोष नाही, लिहिणाऱ्याचा. "वाचकाला तुमचा माणूस सापडला पाहिजे," बाई म्हणायच्या. "डोंगर कुणालाही सापडतो. तो हलत नाही."

माझे सात शोध झाले. सातही फसले. बाईंच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे सात फुल्या होत्या. मंडईतल्या एका फुलवाल्याचं मी केलेलं वर्णन घेऊन एकोणऐंशी वर्षांचे काका गेले होते. मी लिहिलं होतं, उंची अंदाजे पाच फूट चार इंच, कपाळ तीन बोटं, दोन भुवयांमध्ये अंतर कमी. काकांनी भलत्याच माणसाच्या भुवया इतक्या जवळ जाऊन पाहिल्या, की त्याने विचारलं, "आजोबा, डोळे तपासताय का विकत घेताय?"

त्या दिवशी मी बाईंना म्हणालो, "मला हे जमणार नाही. माझं डोकं आकड्यांचं आहे."

"मग आकडे सोडा असं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच नाही का—"

"मी कधी म्हटलं? तुम्ही माणसाला उभं करून मोजता, आकडेवाले. मापं घेणाऱ्या शिंप्यासारखं. माणूस उभा कुठे असतो? तो काहीतरी करत असतो. ते मोजा ना. किती वेळा करतो, कशानंतर करतो, केव्हा करत नाही."

मी घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको डबे काढत होती. मी वीस मिनिटं बघितलं. डबा उघडण्यापूर्वी ती झाकणावर बोटाने दोनदा टकटक करते. पिठाच्या, डाळीच्या, सगळ्या डब्यांवर. रिकाम्या डब्यावर करत नाही. म्हणजे उघडण्याआधीच तिला माहीत असतं.

"काय हवंय?" ती म्हणाली.

"काही नाही. बघतोय."

"बावीस वर्षांनी?" ती म्हणाली. "बघा बघा. तिकीट नाही."

त्याच सुमारास कार्यवाहांनी वर्ग बंद करायचं काढलं. वाचनालयाचे कार्यवाह बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, आणि खोटं न बोलणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं त्यांनी वर्गात येऊन, उभ्यानेच सांगितलं. माडीवरचा हॉल पुढच्या महिन्यापासून हास्यक्लबला द्यायचं समितीत ठरतंय.

"हास्यक्लबला माडी कशाला?" बाईंनी विचारलं.

"ते खाली हसले की वाचकांना त्रास होतो म्हणून."

"आणि आमचा होत नाही, म्हणून आम्ही जायचं?"

"हे पाहा बाई, प्रवासवर्णन म्हणजे स्थळांचं वर्णन. वाचक स्थळ बघायला जातो. भाजीवाली कशी दिसते हे वाचून भाजीवाली शोधत कोणी जात नाही. तुम्ही घेता त्याला साहित्य म्हणत नाहीत. लपंडाव म्हणतात."

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर एका खोलीचं. तिथे चौदा माणसं बसूच शकत नव्हती. हॉल गेला तर वर्ग संपला, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आणि वर्ग संपला तर बाईंना रविवार कशाला, हेही. त्या उठल्या.

"कोणी जात नाही म्हणता ना? मग तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "जागा तुम्ही ठरवा. लिहिणारा तुम्ही निवडा. एकालाच विचारायचं. माणूस सापडला नाही, तर हॉलची किल्ली मीच तुमच्या टेबलावर आणून ठेवीन आणि या विषयावर पुन्हा बोलणार नाही. सापडला, तर हॉल आमचा."

कार्यवाहांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी नोंदवही मागून घेतली आणि पानं उलटली. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. फुल्या त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हत्या. माझ्या पानाशी ते थांबले.

"हे लिहितील," ते म्हणाले. "आणि जागा, मांजरीचा भाजीबाजार."

मांजरी हे पुण्याजवळचं गाव. तिथल्या बाजारात सकाळी नुसत्या पालेभाजीवाल्याच ओळीने बसतात. मी उठून म्हणालो, "बाई, माझ्यावर नको. यात तुमचं नुकसान आहे."

बाई माझ्याकडे न बघता कार्यवाहांना म्हणाल्या, "मान्य."

शनिवारी सकाळी साडेसहाला मी मांजरीत होतो. पालेभाजीच्या ओळीत त्रेचाळीस बायका होत्या. दोनदा मोजल्या. त्यातल्या निम्म्या तरी मेथी विकत होत्या. मी ओळीतून तीन फेऱ्या मारल्या आणि एकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, थांबलो. का थांबलो ते तेव्हा सांगता आलं नसतं. वहीत फक्त रेघा ओढायला लागलो. तासाभराने ती रस्त्यापलीकडूनच ओरडली.

"ओ दादा! मगाधरनं काय लिवताय? मेथी घ्यायची हाय का जनगणना करताय?"

मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. वर्ग, पान, उद्या येणारा माणूस. तिने कमरेवर हात ठेवून ऐकलं. मग शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का गं? मला हुडकायला पुन्याहून मानूस येनार हाय." मग माझ्याकडे वळून, "दादा, माझा नवरा मला कदी हुडकत न्हाय. त्याला ठावं असतं, ही जातीय कुटं!"

"तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली? येऊ द्या की. पर त्याला घावनार कशी मी? हितं सगळ्या माझ्यावानीच."

"ते मी बघतो," मी म्हणालो, आणि माझ्याच तोंडचं वाक्य ऐकून दचकलो.

खुणेचा शब्द म्हणून तिने तिच्या म्हशीचं नाव दिलं.

रात्री जेवणाआधी मी पान लिहून संपवलं. पहिल्यांदाच एकही मोजपट्टीचं माप त्यात नव्हतं. आकडे मात्र होते. मी लिहिलं: या बाई गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नाहीत, पिशवीकडे बघतात. आत काय घेऊन झालंय ते पाहून मग बोलतात. पाण्याचा तांब्या उचलला की पहिला शिपका शेजारणीच्या भाजीवर, दुसरा स्वतःच्या. मी पाहिलं तितक्या वेळा, म्हणजे सहापैकी सहा वेळा. प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतात. ताजी आहे का विचारलं तर "तुम्ही कवा उठलाय?" असं विचारतात. आणि गिऱ्हाईक न घेता गेलं, तर बाकीच्या बायका त्याच्या पाठीकडे बघतात, या बघत नाहीत. या वरची एक जुडी उचलून उलटी करून ठेवतात, जणू त्या जुडीचंच काही चुकलं. अकरा जण न घेता गेले. नऊ वेळा जुडी उलटी केली. उरलेले दोघे गेले तेव्हा त्या शेजारणीशी हसत होत्या.

बायकोने पान वाचलं. पहिल्यांदाच शेवटपर्यंत. "कोण आहे ही?" तिने विचारलं. मी तिला नाव सांगू शकलो नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

रात्रीच मी पान कार्यवाहांकडे आणि खुणेच्या शब्दाचं पाकीट बाईंकडे पोचवलं. रविवारी कार्यवाह सकाळी सहाच्या बसने गेले. साक्षीदार नको असं बाईंनीच सांगितलं होतं. "ते नाही सापडली म्हणाले, तर नाही सापडली. ते खोटं बोलणार नाहीत." साडेआठला आम्ही चौदाही जण माडीवर होतो. बाईंनी रोजच्यासारखा वर्ग घेतला. खराडीच्या मुलीने कर्नाटकातल्या एका देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईंवर लिहिलं होतं. त्यातून तीन शब्द जप्त झाले. माझं लक्ष जिन्याकडे होतं. साडेनऊ झाले, दहा झाले. मांजरीला जाऊन यायला इतका वेळ लागत नाही, हे मी आदल्या दिवशीच घड्याळ लावून पाहिलं होतं. साडेदहाला वर्ग संपला. कोणी उठलं नाही. बाईंनी हॉलची किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली. मग ती त्यांनी दोनदा सरळ केली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कार्यवाह जिना चढून आले. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. चष्म्यावर धूळ होती आणि ती त्यांनी पुसली नव्हती.

"चंद्री," ते म्हणाले.

बाईंनी पाकीट फोडलं, कागद वाचला आणि आमच्याकडे फिरवला. काय आवाज झाला म्हणून सांगू! हास्यक्लबलाही तेवढा जमला नसता. खालून कोणीतरी "शांतता!" म्हणून ओरडलं. एकोणऐंशी वर्षांच्या काकांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली, की दोन दिवस जाणवत होती.

"थांबा," कार्यवाह म्हणाले. सगळे थांबले. "हॉल तुमचा. शब्द म्हणजे शब्द. पण हे वर्णन अपुरं आहे."

"किती वेळात सापडल्या?" बाईंनी विचारलं.

"चार मिनिटं. एक गिऱ्हाईक न घेता गेलं आणि त्यांनी जुडी उलटी केली. दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता."

"मग इतका उशीर?"

कार्यवाहांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जुड्यांकडे. "बघत होतो," ते म्हणाले. "यांनी लिहिलंय, पाणी आधी शेजारणीच्या भाजीवर. बरोबर आहे. पण का, ते नाही लिहिलं. शेजारणीचा उजवा हात अधू आहे. तांब्या तिला उचलत नाही. हे यांनी पाहिलं नाही."

खरंच पाहिलं नव्हतं. मी सहा वेळा मोजलं होतं, आणि शेजारणीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"आणि मी जाऊन विचारलं," कार्यवाह बोलतच होते, "की खुणेचा शब्द काय, तर त्या उठूनच उभ्या राहिल्या. पूर्ण उभ्या! हातातली जुडी खाली टाकली. आणि सगळ्या ओळीला ओरडून सांगितलं—"

इथे आमच्या शिस्तीच्या, शुद्ध बोलणाऱ्या, उभ्या आयुष्यात आवाज न चढवलेल्या कार्यवाहांनी हातातल्या दोन्ही जुड्या टेबलावर टाकल्या, कमरेवर हात ठेवले, मान मागे टाकली आणि माडीच्या भिंतींना ऐकू जाईल असे ओरडले:

"बघा गं समद्या! आला बघा! नाव न्हाय, गाव न्हाय, नुसतं कागुद वाचून आला, आन् मीच घावली त्याला! मीच!"

ऐकणाऱ्या पंधरा माणसांपैकी बारा जण मांजरीच्या बाजारात कधी गेलेले नव्हते. पण त्या बाई त्या क्षणी तिथे उभ्या होत्या, यावर त्यांच्यातल्या कुणाचंही दुमत झालं नसतं.

कार्यवाह भानावर आले. त्यांनी कमरेवरचे हात काढले, इकडेतिकडे पाहिलं आणि जायला वळले. बाई टेबलामागून उठल्या, जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि त्यांची वाट अडवून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता.

"बसा," त्या म्हणाल्या. "शेजारणीबद्दल लिहा. आम्ही थांबतो."

पाऊण वाजेपर्यंत आम्ही थांबलो.